आगळाच्या टाकीला टिग वेल्डिंगच करून घ्या



गेल्या हंगामात आमच्या स्टीलच्या टाकीचा सांधा साध्या लोखंडी रॉडने जोडून घेतला. थोड्याच दिवसांत सांधा गंजला, सगळं आगळ ओतून द्यावं लागलं. स्टीलचा रॉड वापरला तरी पातळ पत्र्याला भोक पडतं, सांधा खडबडीत राहतो. आगळातलं मीठ आणि आंबट तिथेच साचून पत्रा खातं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कोकम-आंब्याच्या भांड्यांना टिगच हवं.

त्यासाठी नवीन मशीन नको. डीसी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन असेल तर व्हॉल्व्हवाली टिग टॉर्च, रेग्युलेटर आणि शुद्ध आर्गॉनचा सिलिंडर एवढं पुरतं.

▪ टॉर्च मायनसला, अर्थ क्लॅम्प प्लसला. उलट जोडलं तर टंगस्टनचं टोक वितळतं.
▪ ३०४ स्टीलला ३०८एल फिलर.
▪ गॅस मिनिटाला ८ ते १० लिटर. वारा अडवा. सीओटू चालत नाही.
▪ ॲल्युमिनियमला एसी टिग लागतं, या मशीनवर हट्ट करू नका.
▪ जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरवर हा जुगाड नको.

सिलिंडर एकट्याला परवडत नाही, हे खरं. मग दहा जणांत एक घेऊ, आणि कोकमं उतरायच्या आधी टाक्या दुरुस्त करू. फेकलेलं आगळ त्याहून महाग पडतं.

तुम्हाला काय वाटतं? याच नंबरवर कळवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, रत्नागिरी