धुके अडवणारी झाडे

निसर्गाला मोकळे सोडले की तो आपोआप सावरतो, असे आपण सहज म्हणून जातो. पुष्कळ ठिकाणी ते खरेही आहे. उघड्या खडकावर प्रथम दगडफूल आणि शेवाळ येते, हळूहळू माती साठते. मग गवत, झुडपे आणि अखेरीस वृक्ष. परिसंस्थेच्या या वाटचालीस शास्त्रात ‘अनुक्रमण’ म्हणतात. एक टप्पा पुढच्या टप्प्यासाठी परिस्थिती निर्माण करतो. प्रतीत्यसमुत्पाद जाणणाऱ्या आपल्याला हे नवे नाही.

परंतु परिस्थितीच नाहीशी झाली तर? याचे उत्तर ओमानमध्येच, धोफारच्या डोंगरांत आहे. जून ते सप्टेंबर या ‘खरीफ’ ऋतूत (आपला ‘खरीप’ याच अरबी शब्दातून आला) समुद्रावरचे धुके सलालाहच्या डोंगरांना वेढते. पाऊस बेताचाच असतो. वृक्षांची पाने धुके अडवतात, त्याचे थेंब खाली गळतात आणि त्या ओलीवर रोपे जगतात. हे अरण्य आपले पाणी आपणच मिळवते. १९७० नंतरच्या दशकांत तेथे उंट व गुरे फार वाढली आणि कोवळी रोपे चरली जाऊ लागली. झाड गेले की धुके न अडता निघून जाते. कोरड्या जमिनीत नवे झाड तग धरत नाही. हिल्डेब्रांट आणि एल्ताहिर या संशोधकांनी २००६ मध्ये हाच धोका दाखवून दिला. अशा जागी केवळ काळावर भिस्त ठेवून भागत नाही. रोपांना कुंपण आणि पाणी द्यावे लागते.

‘काळच सारे दुरुस्त करील’ हे वाक्य आपण जातीविषयीही ऐकत आलो आहोत. आता आपल्याच सुस्थितीतील घरांतून ‘शिष्यवृत्त्या आणखी किती दिवस?’ असा प्रश्न येतो, तेव्हा धोफार आठवावे. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. उंचावर मिळालेले पाणी त्यांनी खालच्या रोपांपर्यंत पोहोचवले.

यंदा खरीफमध्ये सलालाहला जाल, तेव्हा हिरवळीवर गाडी घालू नका आणि मुलांना ते ठिबकणारे झाड अवश्य दाखवा. परतल्यावर गावाकडच्या एका विद्यार्थ्याचे वर्षभराचे शुल्क उचला. झाडाला निवड नसते. धुके आले की ते ठिबकतेच. आपल्याला मात्र निवड आहे.

जय भीम!