विश्लेषण : नागपूर-वर्धा ब्रॉडगेज मेट्रोचे घोडे अडले कुठे? वेगापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचे का?

नागपूर ते वर्धा हे रेल्वेचे अंतर जेमतेम 79 किलोमीटर. नोकरी, शिक्षण, उपचार आणि व्यापारासाठी हे अंतर रोज कापणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी ‘ब्रॉडगेज मेट्रो’ जाहीर होऊन काही वर्षे उलटली, पण या मार्गावर तिची एकही फेरी झालेली नाही. चर्चा मात्र ताशी 160 किलोमीटर वेगाचीच होते. वर्धेकरांची खरी गरज वेगळी आहे.

योजना नेमकी काय?

जुलै 2018 मध्ये रेल्वे, राज्य सरकार आणि महामेट्रो यांच्यात नागपूरभोवतीच्या शहरांना जोडण्यासाठी सामंजस्य करार झाला. वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड असे चार मार्ग त्यात होते. त्यांची एकत्रित लांबी सुमारे 268 किलोमीटर. 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे 305 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. नवा मार्ग न बांधता रेल्वेच्या सध्याच्या रुळांवरून वातानुकूलित, मेट्रोसारख्या गाड्या चालवायच्या, ही मूळ कल्पना. अजनी, खापरी अशा ठिकाणी उतरून थेट नागपूर मेट्रो पकडता येईल, हा त्यामागचा हिशेब.

एवढ्या कमी खर्चात कसे शक्य?

इथेच खरी मेख आहे. दिल्ली-मेरठ जलद प्रादेशिक रेल्वेचा मार्ग 82 किलोमीटरचा, म्हणजे जवळपास नागपूर-वर्धा एवढाच. त्याचा मंजूर खर्च 30,274 कोटी रुपये, प्रति किलोमीटर सुमारे 369 कोटी. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या 43.8 किलोमीटरसाठी 6,708 कोटी रुपये मंजूर झाले, म्हणजे प्रति किलोमीटर सुमारे 153 कोटी. ब्रॉडगेज मेट्रोचा हाच आकडा साधारण सव्वा कोटीच्या आत येतो.

दिल्ली-मेरठ मार्गाला स्वतःचे रूळ आहेत. साहिबाबाद-दुहाई हा त्याचा पहिला टप्पा ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला आणि गाड्या ठरलेल्या अंतराने धावू लागल्या. त्या रुळांवर कोळशाची मालगाडी आडवी येत नाही. आपल्याकडे ती येते. ब्रॉडगेज मेट्रो स्वस्त आहे, कारण ती दुसऱ्याच्या रुळांवर धावणार आहे. ते रूळ मोकळे नसतील तर गाडी कितीही देखणी असली तरी सिग्नलला उभीच राहणार.

रूळ मोकळे का नाहीत?

वर्ध्याचे स्थान हे तिचे भाग्य आणि तीच अडचण. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मुख्य मार्ग सेवाग्राम-नागपूर पट्ट्यात एकाच रुळांवर येतात. लांब पल्ल्याच्या गाड्या, चंद्रपूर भागातला कोळसा, सिमेंट, धान्य असे सारे इथूनच जाते. गाडी उशिरा धावू लागली की सर्वात आधी बाजूला काढली जाते ती पॅसेंजर किंवा मेमू. बुटीबोरी, सिंदी, सेलू रोड किंवा तुळजापूरच्या फलाटावर थांबणाऱ्यांना हे सांगायला नको.

त्यामुळे वर्धा-नागपूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचे काम हाच या योजनेचा पाया आहे. हे काम टप्प्याटप्प्याने सुरू आहे. ते पूर्ण झाल्यावर मोकळी होणारी क्षमता कोणाच्या वाट्याला जाणार, हा कळीचा प्रश्न आहे. मालवाहतुकीतून रेल्वेला पैसा मिळतो, तर प्रवासी गाड्या तोट्यात चालतात. आताच लेखी ठरले नाही, तर नव्या मार्गिकाही मालगाड्यांनीच भरतील.

ताशी 160 किलोमीटरने किती वेळ वाचेल?

साधा हिशेब करू. 79 किलोमीटर अंतर न थांबता ताशी 130 किलोमीटरने कापले तर साधारण 36 मिनिटे लागतात, 160 ने कापले तर 30. फरक सहा-सात मिनिटांचा. त्यातही मधली स्थानके जवळजवळ आहेत. प्रत्येक थांब्यावर वेग कमी करणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे यात दोन-तीन मिनिटे जातात. कमाल वेग गाठेपर्यंत पुढचे स्थानक जवळ आलेले असते.

उलट अजनीच्या अलीकडे गाडी पंधरा मिनिटे रखडली, की वाचवलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ वाया जातो. एक गाडी चुकली आणि दुसरी अडीच तासांनी असेल, तर 160 चा वेग कोणाच्या कामाचा? स्वित्झर्लंडने 1982 मध्ये देशभर दर तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी सोडण्याची पद्धत सुरू केली. प्रवाशाला वेळापत्रक पाठ करावे लागू नये, हा त्यामागचा विचार. मुंबई-पुणे प्रवासात डेक्कन क्वीनने 1930 पासून जो विश्वास कमावला, तोही मुख्यतः ठरलेल्या वेळेचा. ते अंतर 192 किलोमीटर. वर्ध्याचे त्याच्या निम्म्याहूनही कमी.

वंदे भारत थांबते, मग तक्रार कशाची?

नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सेवाग्रामला थांबते आणि ऑगस्ट 2025 पासून धावणारी अजनी-पुणे वंदे भारत वर्ध्याला. ही चांगलीच गोष्ट आहे. पण या गाड्या पुणे-हैदराबादला जाणाऱ्यांसाठी आहेत. बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, नागपूरच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी किंवा सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत येणारा रुग्ण यांना त्यांचा रोजचा उपयोग नाही. समृद्धी महामार्ग आणि बुटीबोरीमार्गे चौपदरी रस्ता झाल्याने गाडीवाल्यांची सोय झाली. ज्याच्याकडे चारचाकी नाही, त्याच्यासाठी रेल्वेचा पास हाच परवडणारा मार्ग आहे.

मग वर्धेकरांनी मागायचे काय?

पहिली मागणी, गाडीआधी वेळापत्रक. सकाळी सहा ते रात्री अकरा दर तासाला आणि गर्दीच्या वेळी दर अर्ध्या तासाला गाडी, हे करारातच लिहिले जावे. नवे डबे येईपर्यंत मेमूच्या फेऱ्या वाढवूनही याची सुरुवात करता येईल.

दुसरी, पास आणि भाडे. कोविडनंतर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे किमान 30 रुपये भाडे लागत होते. ते पुन्हा 10 रुपयांवर यायला 2024 उजाडले. हा अनुभव ताजा आहे. वातानुकूलित गाडीचे भाडे थोडे जास्त असणे समजू शकते, पण ती आणण्यासाठी साध्या गाड्या आणि छोट्या स्थानकांचे थांबे बंद करणे मान्य होऊ नये.

तिसरी, दोन्ही स्थानकांचा विचार. वर्धा जंक्शन आणि सेवाग्राम ही स्थानके काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत. नागपूरहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाड्या वर्धा जंक्शनला येत नाहीत. प्रत्येक गाडीला जोडून शहर बस आणि शेअर ऑटो नसेल, तर रेल्वेने वाचवलेली मिनिटे ऑटोच्या वाटाघाटीत जातील.

चौथी, जाहीर तारीख. कोणती मार्गिका कधी पूर्ण होणार आणि पहिली गाडी कधी धावणार, हे रेल्वे आणि महामेट्रोने दर सहा महिन्यांनी सांगावे.

वर्धा शहर 1866 मध्ये पालकवाडी येथे वसवले गेले. रेल्वे येणार म्हणूनच जिल्ह्याचे मुख्यालय कवठ्याहून इथे हलले आणि पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोहोचली. गेली दीडशे वर्षे देशभरच्या गाड्या या शहरातून जात आहेत. आता वर्धेकरांसाठीही ठरलेल्या वेळेला एक गाडी सुटावी, एवढीच अपेक्षा आहे. ती ताशी 110 ने धावली तरी चालेल.