12 इंची चाक आणि अर्धा सेंटिमीटर

गेले काही महिने टपालात एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. घरामागच्या शेडमध्ये 14 इंची बँडसॉ बसवायचा, तर वनखात्याचा परवाना लागतो का? यंत्र विकणारा म्हणतो, ‘काही लागत नाही, बिनधास्त न्या.’ हेच बिलावर लिहून द्या म्हटलं की तो विषय बदलतो. वखारवाला म्हणतो, ‘गाजावाजा करू नका.’ आणि कचेरीत गेलं तर काय होतं, ते आम्ही स्वतः पाहिलं.

देवनहळ्ळीच्या आमच्या शेडसाठी यंत्र घेण्याआधी त्याचं माहितीपत्रक घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. टेबलावरच्या माणसाने पहिल्या पानावरचं चित्र पाहिलं आणि विचारलं, ‘सॉ मिल एल्लिदे?’ गिरणी कुठे आहे? गिरणी नाही, घर आहे, चिरलेल्या फळ्या आणतो, गोल लाकूड आमच्या फाटकातून आतही येत नाही, असं सांगितलं. त्याने सॉ मिलचाच अर्ज पुढे केला. जंगलापासून अंतर किती, वर्षाला किती घनमीटर लाकूड चिरणार, कामगार किती. लेखी प्रश्न ठेवून आलो. त्याला आजवर उत्तर नाही.

या गोंधळाचं मूळ जुनं आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी जंगलांतल्या सॉ मिलना चाप लावला. ऑक्टोबर 2002 मध्ये नव्या गिरण्यांची वाट केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या मंजुरीशी बांधली. पुढे 11 नोव्हेंबर 2016 रोजी केंद्राने लाकडावर चालणाऱ्या उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जंगल राखायला हे हवंच होतं आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती परवान्यातून सूट देणाऱ्या कलमाबद्दल. ही सूट बँडसॉ, रीसॉ किंवा 30 सेंटिमीटरपेक्षा अधिक व्यासाची वर्तुळाकार करवत न चालवणाऱ्या उद्योगांना आहे. आता हे 30 सेंटिमीटर फक्त वर्तुळाकार करवतीचे, की बँडसॉच्या चाकाचेही? पहिला अर्थ घेतला तर टेबलावर मावणारा 8 इंची बँडसॉही सुटत नाही. दुसरा घेतला तर 10 इंची सुटतो आणि 12 इंची अडकतो, कारण 12 इंच म्हणजे 30.48 सेंटिमीटर. अर्ध्या सेंटिमीटरवर माणूस गिरणीवाला ठरतो. शिवाय काहीही न विकणारं, घरापुरतं काम करणारं शेड मुळात उद्योग आहे का, हा प्रश्न वेगळाच.

दरम्यान 10 इंची टेबलसॉ, म्हणजे 25.4 सेंटिमीटर, बिनघोर चालतो. त्याने काय होतं ते बाकावर पाहा. 25 मिलिमीटर जाडीची सागाची फळी उभी चिरून तीन पातळ पट्ट्या काढायच्या आहेत. टेबलसॉचं पातं दर कापाला सुमारे 3 मिलिमीटर लाकूड खातं. दोन कापांत 6 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाव फळीचा भुसा. बँडसॉची पट्टी मिलिमीटरभर खाते. सागाच्या आजच्या भावात हा फरक खिशाला कळतो, आणि झाडं वाचवण्यासाठी केलेल्या नियमानेच लाकूड अधिक खाणारी करवत आपल्या हातात दिली आहे. त्यात 10 इंची पात्याला उंची साधारण 3 इंचच मिळते. रुंद फळी दोन्ही कडांनी उभी धरून कापावी लागते, काप मिटून पातं चिमटलं की फळी उलटी अंगावर येते. बँडसॉ लाकूड खाली टेबलावर दाबतो. बोटं त्यानेही जातात, पण फळी छातीवर फेकली जात नाही. ज्या वाचकांनी परवान्याच्या भीतीने बँडसॉ टाळला आणि टेबलसॉवर रीसॉइंग, म्हणजे फळी उभी चिरणं, सुरू केलं, त्यांची आम्हाला खरोखर काळजी वाटते.

ज्यांनी यंत्र घेतलं त्यांची दुसरी तक्रार, पट्टी भरकटते. याला वनखातं जबाबदार नाही. आधी दोन्ही चाकं एका पातळीत आहेत का ते लांब सरळ पट्टी लावून बघा. गाइड मागे सारा, पट्टीला ताण द्या, वरचं चाक हाताने फिरवत ट्रॅकिंग लावा, मग थ्रस्ट बेअरिंग, आणि बाजूचे गाइड सगळ्यांत शेवटी, कागदाच्या जाडीची फट ठेवून. रीसॉइंगला इंचाला 3 दातांची पट्टी हवी, 14 दातांची नाही. आमच्या शेडमध्ये दुसऱ्याच आठवड्यात पट्टी तुटली ती नेमकी सांध्यावर. वेल्डची गाठ घासलेलीच नव्हती. गाइडमधून जाताना दर फेरीला ‘टक्’ व्हायचं, ते आम्ही ऐकत होतो आणि यंत्र थांबवलं नाही. नव्या पट्टीच्या सांध्यावरून बोट फिरवून बघा, गाठ लागली तर परत करा.

आणि आता परवान्यावर सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्यांना विचारतो, तुमच्यापैकी किती जणांकडे लाकडाची बिलं आहेत? वखारीत चार पैसे वाचवण्यासाठी बिनबिलाची फळी उचलायची आणि मग कायद्याने आपल्याला ओळखावं म्हणायचं, हे चालणार नाही. आजपासून प्रत्येक फळीचं बिल फाइलला लागलं पाहिजे.

मागणी एका वाक्याची आहे: गोल लाकूड न चिरणाऱ्या, बिलाचं चिराण वापरणाऱ्या घरगुती शेडमधल्या एका बँडसॉला परवाना लागणार नाही, असं स्पष्ट परिपत्रक काढा. त्यासाठी या महिन्यात प्रत्येकाने माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. कर्नाटकातल्यांनी मल्लेश्वरमच्या अरण्य भवनाकडे, महाराष्ट्रातल्यांनी नागपूरच्या वन भवनाकडे. शुल्क 10 रुपये. दोन्ही राज्यांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द चालतात, म्हणून लांबण लावू नका. कलमाचा अर्थ सांगा असं विचारू नका, कारण माहिती अधिकारी मत द्यायला बांधील नाही. सूट देणाऱ्या कलमातल्या बँडसॉबद्दल खुलासा करणाऱ्या परिपत्रकाची प्रत मागा. 30 दिवसांत एक तर प्रत येईल, नाही तर अशी नोंद उपलब्ध नाही असं लेखी येईल. दुसरं आलं तर तेही आपल्याला हवंच आहे, कारण तोच कागद जोडून आपण केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडे निवेदन देणार आहोत. उत्तराची एक प्रत आमच्याकडे पाठवा, पाकिटावर तालुका आणि जिल्हा लिहायला विसरू नका.