चढावर गाडी दमते? आधी दाते मोजा, मग इंजिनाचं बघा!



दिवाळीच्या सुट्टीत माझा एक माजी विद्यार्थी घरी आला होता. त्याने हौसेने जुनी डर्ट बाईक घेतली आहे. म्हणाला, "सर, गाडीत दमच नाही. वाडीचा कच्चा चढ पहिल्या गिअरमध्येही ओढत नाही. परवा अर्ध्यात बंद पडली आणि मागे घसरली, थोडक्यात वाचलो. आता ही विकून मोठ्या इंजिनाची घेतो."

म्हणजे पुन्हा कर्ज! मी विचारलं, "पुढच्या स्प्रॉकेटला दाते किती आहेत रे?" त्याला सांगता येईना. खरं सांगू का, त्याला विज्ञान मीच शिकवलं होतं. तेव्हा थोडी चूक माझीही आहे.

माझं मत स्पष्ट आहे. चढासाठी मोठं इंजिन घेण्याआधी चेनच्या दोन टोकांचे दाते मोजावेत. हे गणित आपण शाळेतच शिकलेलो असतो, फक्त वापरत नाही.

दात्यांचं गणित

इंजिनाकडे छोटं आणि मागच्या चाकाला मोठं अशी दोन स्प्रॉकेट असतात. गॅरेजमध्ये याच जोडीला 'चेन-सॉकेट' म्हणतात. समजा पुढे १३ आणि मागे ३९ दाते आहेत. ३९ ÷ १३ = ३. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट ३ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं.

आता पुढे १३ ऐवजी १२ दात्यांचं बसवा. ३९ ÷ १२ = ३.२५. त्याच इंजिनावर चाक फिरवण्याचा जोर सुमारे ८ टक्क्यांनी वाढला! पुढचं १३ चंच ठेवून मागे ४२ दाते केले, तर उत्तर येतं ३.२३. बघा, पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागे जवळपास तीन दाते वाढवणं.

गिअरची सायकल चढावर नेताना आपण पुढे छोटं आणि मागे मोठं चक्र घेतो, तेच हे. घाटातला रस्ता नागमोडी का असतो? अंतर वाढतं, पण जोर कमी लागतो. तत्त्व तेच.

फुकट काहीच मिळत नाही

इथे एक गैरसमज दूर करू या. दाते बदलल्याने इंजिनाची शक्ती वाढत नाही. जोर वाढला तेवढा वेग घटतो. इंजिनाच्या ज्या फेऱ्यांवर आधी ताशी ६० चा वेग मिळायचा, तिथे आता साधारण ५५ चाच मिळेल. हायवेवर इंजिन जास्त ओरडेल, पेट्रोलही थोडं जास्त लागेल. रोज शहरात लांब जायचं असेल, तर हा बदल तुमच्यासाठी नाही.

मग फायदा काय? कच्च्या चढावर आपण चालण्याच्या वेगाने जातो. पहिला गिअर त्या मानाने 'लांब' असेल, तर इंजिन बंद पडू नये म्हणून आपण हाफ क्लचवर गाडी रेटतो. क्लच प्लेट घासतात, जळका वास येतो आणि नेमक्या अवघड जागी गाडी दगा देते. गिअरिंग आखूड केलं, तर क्लच पूर्ण सोडूनही गाडी हळू चढते. उतरतानाही इंजिन गाडीला जास्त धरून ठेवतं आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. माझ्या मते हा फायदा चढण्याइतकाच मोलाचा आहे.

लडाखला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. ५,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. इंजिनाला श्वासच कमी मिळतो, तिथे आखूड गिअरिंगचा आधार वाटतो.

बदलण्याआधी एवढं करा

१. आधी एअर फिल्टर, चेनचा ताण आणि क्लच तपासा. धुळीने फिल्टर तुंबला असेल, तर दोष दात्यांचा नाही.

२. सुरुवात पुढच्या एका दात्याने करा. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त असतं आणि लवकर बदलता येतं. मागचं मोठं केलं, तर चेनही लांब लागू शकते.

३. पुढचं फार छोटं करू नका. चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. चेन जुनी असेल, तर पूर्ण जोडीच बदला.

४. हाव नको. जोर फार वाढला, तर मुरुमावर मागचं चाक नुसतं गरगर फिरतं किंवा पुढचं चाक उचलतं.

आणि हो, चढते म्हणून गाडी गडावर किंवा रानातल्या पायवाटेवर घालू नका. तिथली माती एकदा सुटली की पहिल्या पावसात वाहून जाते.

माझ्या विद्यार्थ्याने पुढे १२ दात्यांचं स्प्रॉकेट बसवलं. परवा फोन आला, "सर, चढली! पण हायवेवर जरा आवाज करते." मी म्हटलं, "बाळा, तेच तर गणित आहे."

विज्ञान परीक्षेपुरतं नसतं, मित्रांनो. पेपरातला एक भागाकार कधी कधी कर्जाचा हप्ता वाचवतो. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीचे, नाहीतर सायकलचे, दाते मोजून बघा.