नदीचाही पंचनामा व्हावा

वादळ ओसरले की पंचनामे सुरू होतात. कौले किती उडाली, माड किती मोडले, भातशेती किती कुजली, ह्यांची नोंद होते. आणि ते योग्यच आहे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, आणि त्याच वर्षीच्या २३ जुलैच्या महापुराने पेडणे, डिचोली व सत्तरी ह्या तालुक्यांत दाणादाण उडविली. तेव्हाही माणसांची हानी मोजली गेली. परंतु शापोरा आणि वाळवंटी ह्या नद्यांच्या पोटात कोणते जीव उरले व कोणते नाहीसे झाले, ह्यासाठी पंचनाम्याच्या कागदावर रकाना नसतो. तो असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे आता अशक्यही राहिलेले नाही. मासा, बेडूक, खेकडा, पाणमांजर ह्यांपैकी प्रत्येक जीव आपल्या कातडीचे, बुळबुळीचे व विष्ठेचे कण पाण्यात सोडीत असतो. त्या कणांत त्याचे आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, असते. पाणी बारीक गाळणीतून गाळून गाळणीवर उरलेला डीएनए प्रयोगशाळेत वाचला, म्हणजे जाळे न टाकता पाण्यात कोण राहते ते कळते. २००८ साली फ्रान्समधील तळ्यांत परदेशी बेडकाचा माग शास्त्रज्ञांनी ह्याच रीतीने काढला. आपल्या देशात हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी चिलिका सरोवरात ही पद्धत वापरून पाहिली आहे.

ह्यात सामान्य माणसाने काय करावे, असे कोणी विचारील. पाणी गोळा करणे हे काम त्याचेच आहे. युनेस्कोने २०२२ व २०२३ साली जगातील २१ सागरी वारसास्थळांवर हाच उपक्रम केला. तेथे स्थानिक नागरिकांनी व विद्यार्थ्यांनी नमुने घेतले, आणि चार हजारांहून अधिक जातींची नोंद झाली. पारख प्रयोगशाळेने करावी. घागर मात्र गावाने भरावी.

तथापि ह्या पद्धतीस जादू समजू नये. तिने जात कळते, संख्या नीटशी कळत नाही; पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे तर मुळीच कळत नाही. ऊन व उष्णता ह्यांनी पाण्यातील डीएनए काही दिवसांत वा आठवड्यांत नष्ट होतो. शिवाय शापोरा दोडामार्गाकडून तिळारी ह्या नावाने वाहत येते. म्हणून इब्रामपूरला सापडलेली खूण वरच्या गावच्या माशाचीही असू शकेल. हात अस्वच्छ असतील, तर बाटलीत आपलीच खूण उतरेल.

म्हणूनच वादळानंतर एकदा धावपळ करून भागणार नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, ठरलेल्या त्याच जागी, स्वच्छ हातमोजे घालून नमुने घेतले पाहिजेत. पूर्वीची नोंद नसेल, तर पुरानंतर एक म्हणेल, मासे खाणीच्या गाळाने गेले. दुसरा म्हणेल, पुराने गेले. तिसरा म्हणेल, ते कधी नव्हतेच. अशा वादात पराभव होतो तो शेवटो, चोणक आणि खुबे ह्यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांचा. कारण त्यांच्या बाजूचा कागदच नसतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकांची जैवविविधता नोंदवही ह्यांची तरतूद केलेली आहे. नदीची पाने त्या नोंदवहीत असावीत. पंचायतीने जागा ठरवाव्यात, शाळांनी नमुने घ्यावेत, शासनाने तपासणीचा खर्च सोसावा आणि निष्कर्ष मराठीत व कोंकणीत चावडीवर लावावेत.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या नदीत काय आहे हे ज्यास ठाऊक नाही, त्यास काय गेले हे कधीच सांगता येणार नाही. मोजणीस आरंभ करावयाचा तो पुढील वादळापूर्वी.