सहा महिन्यांचे दूध आणि रोजची मजुरी

गर्भवती स्त्रियांना स्तनपानाविषयी कितपत माहिती आहे, याची पाहणी करण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. अशा पाहण्यांतून बहुधा एकच बोध घेतला जातो : माता अज्ञानी आहेत, त्यांचे प्रबोधन करा. बुलढाणा जिल्ह्यातील शेतमजूर स्त्रीचा विचार केला, तर हा बोध अर्धवट असल्याचे ध्यानात येते.

प्रबोधनाची गरज नाही, असे नव्हे. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आवडीने खाल्ला जातो; बाळंतिणीचा पिवळसर चीक मात्र बाळाला पचणार नाही म्हणून पिळून टाकण्याची रूढी अनेक घरांत आढळत आली आहे. वास्तविक रोगप्रतिकारक द्रव्ये त्यातच विपुल असतात. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे आणि पहिले सहा महिने मध, गूळपाणी, साधे पाणीदेखील देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हे गरोदरपणातच, आणि सुनेबरोबर सासूलाही सांगितले पाहिजे. कारण बाळंतिणीच्या खोलीत शब्द सासूचा चालतो.

परंतु हे सारे पटल्यावरही पुढे काय? कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बाळाला पाजण्यासाठी बांधावर बसलेल्या बाईचा कापूस तेवढा कमी भरतो. म्हणून तान्हे मूल घरी राहते आणि त्याच्या वाट्याला पाणी घातलेले वरचे दूध येते. याला अज्ञान म्हणणे हा त्या मातेवर अन्याय आहे.

२०१७ च्या कायदादुरुस्तीने नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. शेतमजूर स्त्रीसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांची तरतूद केली. प्रत्यक्षात २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी, देऊ केले. सहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला २८ रुपयेदेखील पडत नाहीत!

या अगतिकतेवर डबाबंद दुधाचे भांडवलदार टपलेलेच असतात. १९८१ मध्ये त्यांच्या विक्रीतंत्राला आवर घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता ११८ राष्ट्रांनी स्वीकारली. विरोधी मत एकट्या अमेरिकेचे होते. भारताने १९९२ च्या कायद्याने अशा दुधाची जाहिरात व फुकट नमुने यांवर बंदी घातली आणि २००३ मध्ये ती अधिक कडक केली. या कायद्यांचे मोल मोठे आहे. तथापि जाहिरात थांबली म्हणून आईला शेतातून घरी येता येत नाही.

म्हणूनच कार्यकर्त्यांनी अंगणवाडी सेविका व आशांच्या प्रबोधनकार्याला साथ देतानाच दोन मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत : प्रत्येक शेतमजूर मातेला सहा महिने किमान वेतनाइतका भत्ता आणि सरकारी कामांवर चालते पाळणाघर. आईचे दूध फुकट असते असे म्हणणाऱ्यांनी तिच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब एकदा मांडून पाहावा.