गवा सातबारा बघत नाही, भरपाई बघते

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात गव्यांचा कळप एका रात्रीत वांगी-मिरचीचा प्लॉट तुडवून जातो. आजरा-चंदगडात गेली वीसेक वर्षे कर्नाटकातून आलेले हत्तीही आहेत. भरपाईची तरतूद आहे. तीन दिवसांत वन खात्याला कळवायचे, मग पंचनामा. सोबत सातबारा.

आपले लोक अडतात ते इथेच. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील महार वतन रद्द करून जमिनी वतनदारांच्या स्वतःच्या नावे केल्या. पुढे वारस वाढले, वाटण्या राहिल्या. आज एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी मुंबई-पुण्याला. सगळ्यांची संमतिपत्रे मिळेपर्यंत प्रकरण पडून राहते. वाट्याने किंवा गायरानात भाजी करणाऱ्याचे तर नावच नसते.

मग वैतागून कोणी कुंपणाच्या तारेत थेट लाईट सोडतो. मित्रांनो, हे कुणालाही करू देऊ नका. त्यात माणसे मेली आहेत, आणि गवा मेला तर किमान तीन वर्षे कैद. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. तारेखालचे गवत मात्र सतत काढावे लागते, नाहीतर झटका गवतातच उतरतो. सरकारी अनुदान मागायचे तर पुन्हा सातबारा.

सामाईक जमिनीच्या वाटपासाठी महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. १४ एप्रिलच्या वर्गणीला आपण मुंबईकर भावकीच्या दारात जातोच. यंदा अर्जावर सह्याही घेऊन या.